सहा, वीस की एकोणचाळीस? कॅन्सर हाडांत थोडाच पसरलेला असताना प्रोस्टेटला किती शेक द्यायचा

ऐरोलीहून एका मुलाने वडिलांसाठी विचारलंय. वडील ६९ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ६४, बायॉप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ४ अधिक ४. बोन स्कॅनमध्ये दोन ठिपके, एक कमरेच्या तिसऱ्या मणक्यात आणि एक पेल्विसच्या (कमरेखालच्या) डाव्या हाडात. लिव्हर, फुप्फुसं स्वच्छ. सुरुवातीला लघवी अडली म्हणून आठ दिवस नळी होती, हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू झाल्यावर ती निघाली. आता अडीच महिने झालेत, अ‍ॅबिराटेरोनच्या (पुरुषी हॉर्मोन दाबणाऱ्या) गोळ्याही चालू आहेत, पीएसए १.८ वर आलाय. रात्री तीनदा उठावं लागतं. सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज असते. प्रोस्टेटला शेक (रेडिएशन) द्यायचा यावर तिन्ही डॉक्टरांचं एकमत आहे, पण एकाने वीस सिटिंग सांगितल्या, दुसऱ्याने आठवड्याला एक अशा सहा आणि तिसऱ्याने फक्त पाच. नात्यातल्या एका काकांना एकोणचाळीस दिल्या होत्या आणि ते ठणठणीत आहेत. म्हणून मुलगा विचारतोय, "आमच्या बाबांनाच कमी का?" त्यात भर म्हणजे नंतर केलेल्या पीएसएमए पेटमध्ये (प्रोस्टेट कॅन्सर उजळून दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) दोनाचे पाच ठिपके झाले आणि घरात सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

मी बावीस वर्षं रेडिएशनचं काम करते, त्यातली बरीचशी ठाणे आणि नवी मुंबईत. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात दर आठवड्याला माझ्यासमोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काकांचं बोलू, कारण घरातली खरी बोच तिथेच आहे. काकांचा कॅन्सर प्रोस्टेटमध्येच होता. अशा वेळी रेडिएशन हाच मुळापासूनचा उपचार असतो, एकही पेशी शिल्लक राहू नये हा हेतू असतो, आणि त्यासाठी ७८ ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस चढवणं योग्य ठरतं. २ ग्रेची एक सिटिंग, अशा एकोणचाळीस. तुमच्या वडिलांच्या आजाराची लगाम मात्र इंजेक्शनाच्या आणि गोळ्यांच्या हातात आहे. रेडिएशन त्यांच्या मदतीला येतंय. मूळ गाठ शांत केली की आजार पुढे सरकायला उशीर लागतो आणि लघवीच्या वाटेवरचा उपद्रव कमी होतो, हे त्याचं काम. कामच वेगळं आहे, म्हणून मापही वेगळं. वडिलांवर कुणी आशा सोडली म्हणून डोस कमी सांगितलाय, असा अर्थ कृपा करून काढू नका.

हे माप आलं कुठून? ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधल्या ११७ हॉस्पिटलांनी मिळून 'स्टॅम्पीड' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग या प्रश्नासाठी राखून ठेवला होता. २०१३ ते २०१६ या काळात नुकतंच निदान झालेले, कॅन्सर बाहेर पसरलेले २०६१ पुरुष त्यात घेतले. अर्ध्यांना नेहमीची औषधं, अर्ध्यांना औषधं आणि प्रोस्टेटला शेक. निकाल २०१८ मध्ये आला. सगळ्यांना एकत्र मोजलं तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण निकाल उघडण्याआधीच ठरवून ठेवलं होतं की थोडा पसरलेला आणि खूप पसरलेला असे दोन गट वेगळे पाहायचे. थोडा पसरलेल्या ८१९ जणांमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेलं होतं. पुढे २०२२ मध्ये लांबचा हिशेब आला. पाच वर्षांनी ५३ टक्क्यांच्या जागी ६५ टक्के. कॅन्सरच्या उपचारात एवढा फरक वरचेवर बघायला मिळत नाही, आणि तोही अशा यंत्रांवर, जी आज आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत.

या अभ्यासात डोस दोनच होते. एक, ५५ ग्रे वीस सिटिंगमध्ये, सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. दुसरा, ३६ ग्रे सहा सिटिंगमध्ये, आठवड्याला एकदा, सहा आठवडे. कोणता द्यायचा ते डॉक्टरने रुग्ण अभ्यासात जाण्याआधीच लिहून ठेवायचं होतं, आणि जवळपास निम्मे निम्मे दोन्हीकडे गेले. म्हणजे तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वीस आणि दुसऱ्यांनी सांगितलेल्या सहा, दोन्ही याच अभ्यासातून आलेल्या आहेत. दोघंही बरोबर आहेत.

आता आकड्यांची गंमत. मुलाने लिहिलंय, "५५ आणि ३६ मध्ये तर १९ चा फरक आहे." वजाबाकी बरोबर, पण ग्रे असे वजा करता येत नाहीत. एका वेळी किती दिला यावर त्याचा जोर ठरतो. ६ ग्रे एकदम देणं हे २ ग्रे तीनदा देण्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं, आणि कोणत्या अवयवाला किती जास्त लागतं हेही वेगवेगळं असतं. आम्ही ते अल्फा-बीटा नावाच्या गुणोत्तरावरून काढतो. गुणोत्तर जितकं लहान, तितका तो अवयव मोठ्या सिटिंगला जास्त हलतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं गुणोत्तर साधारण १.५ धरतात, रेक्टमला (गुदाशयाला) नंतर होणाऱ्या त्रासाचं ३.

या हिशेबाने सगळे डोस २ ग्रेच्या भाषेत आणले तर चित्र उलटंच दिसतं. वीस सिटिंगचे ५५ ग्रे प्रोस्टेटला जवळपास ६७ ग्रे इतके लागतात. सहा सिटिंगचे ३६ ग्रे लागतात ७७ इतके! कागदावर लहान दिसणारा आकडा गाठीवर जास्त जोरात पडतो. रेक्टमच्या बाजूने पाहिलं तर ५५ चे ६३ होतात आणि ३६ चे ६५, म्हणजे तिथे फरक नगण्य. एक गोष्ट मात्र हे सूत्र धरत नाही. आठवड्याच्या मधल्या सहा दिवसांत पेशी काय करतात हे त्यात नाही. त्यामुळे ७७ मोठा म्हणून सहाच घ्या, असं मी म्हणणार नाही. स्टॅम्पीडमध्येच पीएसए पुन्हा वाढणं किंवा आजार उलटणं याचा धोका रोजच्या वीस सिटिंगवाल्यांमध्ये जास्त उतरलेला दिसला, सुमारे ३१ टक्के, आणि आठवड्याच्या सहावाल्यांमध्ये १५ टक्के. पण चिठ्ठ्या टाकून हे दोन गट केलेले नव्हते. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी माणूस बघून ठरवलं होतं. म्हणून मी या फरकाचं वजन थोडंच धरते. शून्य धरत नाही, एवढंच.

नेदरलँड्समध्ये याआधी 'होरॅड' नावाचा ४३२ जणांचा अभ्यास झाला होता. तिथला डोस होता ७० ग्रे पस्तीस सिटिंगमध्ये, किंवा साधारण ३ ग्रेच्या एकोणीस सिटिंग. त्यात सगळ्यांचं मिळून आयुष्य वाढलं नाही, पण पाचपेक्षा कमी ठिपके असलेल्यांमध्ये कल चांगल्या बाजूला होता. दोन्ही अभ्यास एकत्र केल्यावर पाचपेक्षा कमी हाडांचे ठिपके असलेल्यांमध्ये तीन वर्षांच्या जगण्यात ७ टक्क्यांचा फायदा निघाला. मग युरोपात 'पीस-१' झाला. तिथे ७४ ग्रे सदतीस सिटिंगमध्ये दिले, आणि तुमच्या वडिलांच्या दृष्टीने हा अभ्यास महत्त्वाचा, कारण त्यात अ‍ॅबिराटेरोन होतं. थोडा पसरलेल्या रुग्णांत अ‍ॅबिराटेरोनच्या जोडीला शेक दिल्यावर स्कॅनवर आजार पुढे सरकायला लागणारा काळ साडेचार वर्षांच्या आतून साडेसात वर्षांपर्यंत लांबला. एकूण आयुष्यात मात्र फरक सिद्ध झाला नाही. आणि लघवीच्या वाटेचे गंभीर प्रकार, म्हणजे नळी बसवणं, किडनीला सूज येऊन स्टेंट टाकणं, हे शेक घेतलेल्यांमध्ये कमी झाले. स्टॅम्पीडमध्ये हा शेवटचा फायदा तितका स्पष्ट दिसला नव्हता.

या सगळ्यातून मी एक गोष्ट घेते. ७४ दिल्याने ५५ पेक्षा जास्त जगले, असं कुठेही दिसलेलं नाही. पसरलेल्या आजारात प्रोस्टेटचा डोस स्टॅम्पीडच्या वर चढवून काही जास्त हाती लागतं याचा पुरावा नाही, आणि त्रास मात्र डोसबरोबर वाढतो हे पक्कं आहे. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की या रुग्णांत त्यापलीकडे डोस चढवू नये.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. स्टॅम्पीड यायच्या बऱ्याच आधी, २००९ च्या सुमारास, मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे एक गृहस्थ आले. ठाण्याचेच, नौपाड्यात राहणारे, निवृत्त शिक्षक. हाडात एकच ठिपका. मी तरुण होते, डोळ्यांसमोर त्यांचा नातू असायचा, आणि मनात विचार आला की एकच ठिपका आहे तर प्रोस्टेटला पूर्ण डोस देऊन टाकू. ७६ ग्रे दिले. त्या यंत्रावर रोजच्या रोज आतून प्रतिमा घ्यायची सोय नव्हती, आठवड्यातून एकदा एक्स-रे निघायचा, म्हणून मार्जिनही (प्रोस्टेटभोवती शेकायचा जादा काठ) मोठा ठेवावा लागला. कॅन्सर ताब्यात राहिला. पण दीड वर्षाने संडासवाटे रक्त पडायला लागलं. दोनदा दुर्बिणीतून आर्गॉनने जाळून घ्यावं लागलं. ते रोज संध्याकाळी तलावपाळीला जाऊन मासुंदा तलावाच्या कठड्यावर मित्रांबरोबर बसत. एके दिवशी फॉलोअपला म्हणाले, "डॉक्टर, आता जात नाही. मध्येच घाई लागते, आणि पँट खराब झाली तर कुठं तोंड दाखवू?" ते पुढे चार वर्षं जगले, तलावपाळीला न जाता. त्यांच्या कॅन्सरला तेवढ्या डोसची गरज होती की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज मला माहीत आहे की नव्हती. कुणी "जास्तच द्या ना डॉक्टर" म्हणालं की मला त्यांची ती हाताला लटकवलेली पिशवी आठवते. त्यात एक जादा पँट असायची.

आता तुमच्या वडिलांकडे येते. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल वीस सिटिंगकडे आहे, ५५ ग्रे.

कारण सांगते. त्यांची लघवी एकदा अडून गेलेली आहे आणि अजून रात्री तीनदा उठतात. ६ ग्रेच्या एकेका मोठ्या फटक्याने प्रोस्टेट सुजली तर पुन्हा अडण्याची भीती मला जास्त वाटते. २.७५ ग्रेच्या सिटिंगमध्ये सूज हळूहळू येते, आम्हाला ती दिसते, मध्येच टॅम्सुलोसिनची (लघवी मोकळी करणारी) गोळी वाढवता येते, गरज पडली तर दोन दिवस थांबताही येतं. दुसरं, रक्त पातळ ठेवायची गोळी. शेकानंतर रेक्टममधून थोडं रक्त पडणं ही आमच्या क्षेत्रातली ओळखीची तक्रार आहे, आणि अशा गोळ्यांवर असलेल्यांत ते जास्त दिसतं. म्हणून रेक्टमची मागची भिंत किती वाचवता येते यावर प्लॅनिंगमध्ये आम्ही जास्त वेळ घालवू. ही गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. आणि तिसरं, तुम्ही ऐरोलीत राहता. वीस दिवस ये-जा तुम्हाला जड नाही.

हे तिसरं कारण वैद्यकीय वाटत नाही, पण माझ्या ओपीडीत ते पहिल्या दोनांइतकंच जड असतं. गेल्या पावसाळ्यात मुरबाडच्या पलीकडच्या गावातले एक आजोबा आले होते. पहाटे एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, मग ट्रान्स-हार्बर पकडून इकडे. घरी दोन म्हशी, आणि भाताची लावणी तोंडावर आलेली. मुलगा रोजंदारीवर. त्याला आठवड्याचा एक खाडा परवडत होता, पाच नव्हते. मी वीस सांगितल्या असत्या तर ते सात-आठला येणं बंद करतील हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अर्धवट सोडलेल्या वीसपेक्षा पूर्ण घेतलेल्या सहा कधीही चांगल्या. त्यांना लघवीचा त्रास फारसा नव्हता, प्रोस्टेट लहान होती. दर बुधवारी यायचे, सहाच्या सहा घेतल्या. शेवटच्या बुधवारी आमच्या टेक्निशियनसाठी रानभाजीची जुडी घेऊन आले होते.

ज्यांना रोज येणं जमतं पण ज्यांचं वय ऐंशीच्या वर आहे, चालताना धाप लागते, त्यांनाही मी सहा सुचवते. तिथे टेबलावर वीसदा चढणं-उतरणं हीच शिक्षा असते.

पाच सिटिंगचं काय? तिसरे डॉक्टर ज्याबद्दल बोलतायत ते बहुधा ३६.२५ ग्रे, ७.२५ च्या पाच सिटिंगमध्ये. याला एसबीआरटी म्हणतात. प्रोस्टेटमध्येच असलेल्या कमी-मध्यम धोक्याच्या कॅन्सरमध्ये 'पेस-बी' अभ्यासाने हे नेहमीच्या लांबलचक उपचाराच्या तोडीचं ठरवलंय. पण त्याच सूत्राने हे प्रोस्टेटला ९० ग्रेच्या आसपास लागतं आणि रेक्टमला ७४. म्हणजे सिटिंग सर्वांत कमी आणि जोर सर्वांत जास्त. पसरलेल्या आजारात आयुष्य वाढल्याचा पुरावा आहे तो मुख्यतः ५५ आणि ३६ चा, या डोसचा नाही. मी एसबीआरटी देते, पण निवडून देते. प्रोस्टेट फार मोठी नको, लघवीची धार बरी हवी, प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन नुकतंच झालेलं नको, आणि यंत्रावर प्रत्येक सिटिंगआधी आतलं चित्र नीट बघायची सोय हवीच. तुमच्या वडिलांत पहिल्याच महिन्यात नळी लागली होती, म्हणून मी त्यांना पाचचा सल्ला देणार नाही. जे डॉक्टर देतायत ते चुकीचे आहेत असंही नाही. मात्र त्यांना एवढं नक्की विचारा की लघवी पुन्हा अडली तर तुमची योजना काय आहे.

आता पेटचे पाच ठिपके. इथे घाबरण्यापेक्षा समजून घेण्यासारखं खूप आहे.

थोडा पसरलेला आणि खूप पसरलेला ही रेघ साध्या बोन स्कॅन आणि सीटीवरून आखलेली आहे. लिव्हर, फुप्फुसासारख्या अवयवात आजार असेल, किंवा हाडांत चार अथवा जास्त ठिपके असून त्यातला एक तरी मणके आणि पेल्विसच्या बाहेर असेल, तर खूप. बाकी सगळे थोडा. ही व्याख्या 'चार्टेड' नावाच्या अमेरिकन अभ्यासातली, आणि स्टॅम्पीडनेही तीच वापरली. नंतर स्टॅम्पीडच्याच माहितीची बारकाईने फेरतपासणी झाली तेव्हा दिसलं की हाडांत तीनपर्यंत ठिपके असलेल्यांना फायदा स्पष्ट होता, पुढे तो विरत गेला. हे सगळे ठिपके बोन स्कॅनवर मोजलेले. त्या रुग्णांची पीएसएमए पेट केली असती तर त्यातल्या कितीतरी जणांचे दोनाचे पाच झाले असते, तरी फायदा त्यांनाच झाला होता. पीएसएमए पेट जास्त बारीक बघते म्हणून आजार वाढलेला नसतो, फक्त जास्त दिसतो.

त्यात बरगड्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. पीएसएमए पेटमध्ये बरगडीवर एखादा फिका ठिपका उजळणं फार वेळा होतं, विशेषतः काही प्रकारच्या फ्लोरिनच्या औषधाने स्कॅन केला असेल तर, आणि बऱ्याचदा तो कॅन्सर नसतोच. जुना मुका मार, एखादा भरून आलेला बारीक तडा, असंही असतं. तुमच्या रिपोर्टमधल्या तीन नव्या ठिपक्यांपैकी दोन बरगडीवरचे आहेत. फिल्म घेऊन एकदा न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांसमोर बसा, नुसता छापील रिपोर्ट वाचू नका. मी तुमच्या वडिलांचा निर्णय बोन स्कॅनच्या दोन ठिपक्यांवर घेईन. ते थोडा पसरलेल्या गटातच आहेत.

मुलाने शेवटी विचारलंय की मग त्या दोन हाडांनाही शेक देऊन टाकायचा का. एका जागी मोठे डोस मोजक्या सिटिंगमध्ये देता येतात, तंत्र आहे. थोडे ठिपके असलेल्या निरनिराळ्या कॅन्सरमध्ये 'सेबर-कॉमेट' अभ्यासात त्याने फायदा दिसला, पण तो ९९ जणांचा अभ्यास होता आणि त्यात प्रोस्टेटचे रुग्ण मोजकेच. नव्याने निदान झालेल्या, गोळ्या-इंजेक्शन नीट चालू असलेल्या माणसात हाडांना शेक देऊन आयुष्य वाढतं हे अजून ठरायचं आहे. मणक्यातला ठिपका दुखत असेल किंवा मज्जारज्जूच्या जवळ असेल तर गोष्ट वेगळी, मग थांबायचं नाही. दुखत नसेल तर मी आधी प्रोस्टेट पूर्ण करते, सहा महिने पीएसए बघते आणि मग हाडांवर बोलते.

पेल्विसच्या गाठींनाही (लिम्फ नोड्सना) शेक द्यायचा का, हेही अनेक जण विचारतात. स्टॅम्पीडमध्ये फक्त प्रोस्टेट होती. आपल्याच टाटा मेमोरियलच्या २०२१ च्या अभ्यासात पेल्विसच्या गाठींच्या जागेलाही शेक देण्याचा चांगला फायदा दिसला, पण ते रुग्ण कॅन्सर न पसरलेले, जास्त धोक्याचे होते. त्यांचा निष्कर्ष तसाच उचलून इथे लावायचा नाही. तुमच्या वडिलांच्या सीटीत पेल्विसमध्ये गाठ नाही, म्हणून मी फक्त प्रोस्टेटलाच शेक देईन, आतडं त्यातून वाचेल.

वेळेबद्दल. हॉर्मोन सुरू होऊन अडीच महिने झालेत, हे अगदी योग्य आहे. या काळात प्रोस्टेट आकसते, शेकाची जागा लहान होते, लघवी सुधारते. आणखी फार लांबवू नका. अ‍ॅबिराटेरोन आणि त्यासोबतची स्टेरॉइडची गोळी शेकाच्या दिवसांतही चालू ठेवायची. आम्ही ती बंद करत नाही. रक्तदाब आणि पोटॅशियम मात्र त्या गोळ्यांसाठी अधूनमधून तपासत राहा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर मी डोसच्या आकड्याइतकाच वेळ घालवते, पण जिच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागे रेक्टम. मूत्राशय भरलं की ते आतड्याला वर ढकलतं आणि स्वतःचाही बराचसा भाग शेकाच्या बाहेर काढतं. रेक्टममध्ये गॅस भरला की प्रोस्टेट पुढे सरकते, आणि मग आपण प्लॅन केलेली जागा एका ठिकाणी, प्रोस्टेट दुसऱ्या ठिकाणी. परवाच एका रुग्णाच्या सिटिंगआधीच्या स्कॅनमध्ये रेक्टमच्या जागी लिंबाएवढा काळा फुगा दिसत होता. प्रोस्टेट आठ मिलिमीटर पुढे गेलेली. आम्ही त्यांना खाली उतरवलं, थोडं चालवलं, संडासला जाऊन यायला सांगितलं, वीस मिनिटांनी परत घेतलं तेव्हा फुगा गेला होता. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांना पडद्यावर ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, त्यानंतर त्यांनी घरी एक दिवसही छोले किंवा वाल होऊ दिले नाहीत.

म्हणून वडिलांना सिम्युलेशनच्या (प्लॅनिंग सीटीच्या) आठवडाभर आधीपासून चवळी, वाटाणा, वाल, कच्चा कांदा, सोडा कमी करायला सांगा. भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ चालेल. संडास साफ होत नसेल तर रात्री इसबगोल, आणि तरीही नाही झालं तर आम्हाला सांगा. प्लॅनिंग सीटीच्या दिवशी ज्या स्थितीत स्कॅन होईल, वीसही दिवस तीच स्थिती हवी, म्हणून त्या दिवशी उगाच अति पाणी पिऊन टाकीसारखं भरलेलं मूत्राशय नको. रोज जमेल तेवढंच. आम्ही साधारण अर्धा लिटर, सिटिंगच्या पाऊण तास आधी, असं सांगतो. त्यांना धरून ठेवणं जड जातं म्हणून कमीही चालेल, पण रोज तेवढंच.

तुम्ही लिहिलंय की वडील ऐरोलीहून पनवेल गाडीने खारघरला येतील आणि तुम्ही महापेच्या शिफ्टमधून मध्येच त्यांना भेटाल. पाणी गाडीत प्यायला लावू नका. गाडी तुर्भ्याच्या आसपास पाच मिनिटं थांबली की माणूस कासावीस होतो, आणि मग इथे पोहोचल्या पोहोचल्या संडासात जाऊन सगळं रिकामं करून बसतो. आधी इथे या, हजेरी लावा, आमची सिस्टर सांगेल तेव्हा लघवी करून मग पाणी सुरू करा. सोबत अर्ध्या लिटरची खूण असलेली बाटली, लुंगी किंवा सैल पायजमा, आणि वाचायला काहीतरी आणा. यंत्राखाली दहा-बारा मिनिटंच लागतात, बाकीचा वेळ सगळा वाट पाहण्याचा असतो.

दुसऱ्या आठवड्यानंतर लघवीला जळजळ, घाई, रात्री एखाददोन वेळा जास्त उठणं, कधी पातळ संडास, हे अपेक्षित आहे आणि शेवटच्या सिटिंगनंतर तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं निवळतं. लघवी अजिबात होत नाही, ताप येतोय, किंवा रक्ताच्या गाठी पडतायत असं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीला या. पीएसए शेक संपल्यावर लगेच तपासायचा नाही, तीन महिन्यांनी तपासा. आणि सिम्युलेशनच्या दिवशी बोन स्कॅनच्या फिल्म, पेटची सीडी, जुनी डिस्चार्ज समरी, नळी कधी घातली-काढली त्याच्या तारखा, हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी, असं सगळं एका फाईलमध्ये घेऊन या.